वरच्या रानातला ऑटोमॅटिक हौद

३ मार्च २००३
व्हीआरएस घेऊन पुण्याहून अवसरीला परतलो, महिना झाला. आता डेअरीत जातीने लक्ष घालणार. आपल्या तीन गायी वरच्या रानात चरतात आणि इंद्रायणी रोज दुपारी त्यांच्यासाठी डोक्यावरून हंडे वाहते. एकविसाव्या शतकात बायकोने हंडे वाहायचे? ऑटोमॅटिक हौद जाहीर केला. ती म्हणाली, “करा की. म्हंजी मी दोन दिस भनीकडं ओझरला जाईन. चार वर्सं झाली, गायींपायी जाणंच न्हाई.” रविवारी जा म्हटलं. शब्द म्हणजे शब्द.

५ मार्च
तयार सिमेंटचा हौद बसवला. पाइप, बॉलकॉक, सगळं फिट. पाणी कमी झालं की आपोआप भरतं. मला पाहताच चंद्री गाय दावं तोडून पळाली. आनंद! महिन्याभरात केवढा लळा.

६ मार्च
गेणभाऊच्या म्हशी हौदाला तोंड लावून. एक तर आत बसलेली. हा शेजारी वर म्हणतो, “भाऊ, स्विमिंग टँक लई झ्याक केला राव!” दुर्लक्ष. हौदाशेजारी बुजगावणं उभं केलं. माझा कंपनीचा खाकी युनिफॉर्म, वर माझंच हेल्मेट. भारदस्त दिसतं.

७ मार्च, संध्याकाळ
म्हशी फिरकल्या नाहीत. शंभर टक्के यश. आपल्या गायीही फिरकल्या नाहीत. तहान नसेल. दूध निम्मं. हवामान.

८ मार्च
आजही हौद भरलेलाच. शेवटी इंद्रायणीने हंडे नेले. तिघी घटाघटा प्यायल्या. “आवं, बुजगावण्याला भेत्यात त्या. हुबेहूब तुमी दिसता!” कौतुकच म्हणायचं. तिने ओझरला न्यायला भरलेली पिशवी खुंटीला परत अडकवली. मला बघवेना. बुजगावणं काढलं आणि गायींना धीर यावा म्हणून त्याच जागी स्वतः उभा राहिलो. तिघी शेपट्या वर करून बांधापलीकडे. इंद्रायणी ओरडली, “आता तुमीबी निघा तितनं!” शेजारच्या उसात शिरलो. पाच मिनिटांत तिघी हौदावर.

९ मार्च, दुपार
इंद्रायणी सकाळच्या एसटीने ओझरला गेली. धारा काढायला गेणभाऊ येणार. ती परत येईपर्यंत मी घरात बसायचं, अशी तिची सूचना. आत्ता उसात पालथा पडून लिहितोय. गायी आल्या, प्यायल्या, हौद आपोआप भरला. पूर्ण ऑटोमॅटिक. माझी अजिबात गरज नाही.

शिंक येतेय. दाबली पाहिजे.