भूगोलाच्या बाईंचं बास्केटबॉल

बाई,

काल आंधळगावला जाऊन आले. आपल्या शाळेच्या मैदानावर आता सिमेंटचं कोर्ट झालंय, त्याच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. भाषण संपलं तसा पोरींनी गराडा घातला आणि एकीनं विचारलं, "ताई, तुमाले कोणं शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या भूगोलाच्या बाईंनी. सगळ्या खदखदून हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

नववीत मी सहा फूट तीन इंच होते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत आई मला बांधीतल्या चिखलात उतरूच देत नसे. एवढं खाली वाकून रोपांच्या दोन ओळी रोवल्या की माझी कंबर धरायची, आणि वाटेनं जाणारी माणसं शेताच्या धुऱ्यावर थांबून बघत राहायची. तुम्ही जेमतेम चार फूट दहा इंच. खेळाचे सर बदलून गेले आणि मुख्याध्यापकांनी तो तास तुमच्या गळ्यात घातला. तुम्ही आयुष्यात चेंडू हातात धरला नव्हता. तरी भंडाऱ्याहून नियमांचं पुस्तक आणलंत, गावातल्या लोहाराकडून रिंग करून घेतलीत, ती खांबावर चढवून घेतलीत, आणि एका हातात पुस्तक उघडं धरून मला म्हणालात, "हे पाह्य, यात लिहिलं तसं कर." मी करत गेले. चुकलं की तुम्ही पान उलटून पुन्हा वाचायचात.

जिल्ह्याच्या पहिल्या सामन्यात माझ्या धक्क्यानं समोरची मुलगी पडली. त्यानंतर मी चेंडूकडे हातच नेईना. मध्यंतरात तुम्ही मला बाजूला नेलंत आणि बाकावर चढून उभ्या राहिलात, माझ्या डोळ्यांशी डोळे भिडावेत म्हणून.

"माफी कोणाची मांगून राहिली तू?"

"बाई, ते पोरगी पडली ना माह्यामुळं."

"पडली अन् उठली. तू काहून रडून राहिली? उंच झाली, हा का गुन्हा केला तूनं?"

तोवर मला कोणी असं विचारलंच नव्हतं. तो सामना आपण हरलो, पण छत्तीसगडमधल्या खेळाडूंच्या वसतिगृहासाठी उंच मुली शोधत आलेल्या एका माणसानं माझं नाव लिहून नेलं. तिथून बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा बाबा अडून बसले. तुम्ही आमच्या अंगणात खाटेवर बसला आहात, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि बाबा म्हणताहेत, "बाई, हिले पाहाले सारं गाव जमते. तिकडं तं अख्खं शहर जमन."

"जमू द्या ना. इथं फुकट पाहून राहिले, तिकडं तिकीट काढून पाहतीन."

"अन् लग्नाचं? हिच्या जोडीचा पोरगा कुठं भेटन?"

"मले तरी कुठं भेटला? मी का मरून गेली?"

आई आत तोंडाला पदर लावून हसली. शेवटी बाबा म्हणाले, सोबत कोण जाईल. तुम्ही म्हणालात, मी जाते. आठ दिवसांची रजा टाकून तुम्ही वसतिगृहातल्या माझ्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपलात.

पहिल्या सकाळी तिथलं कोर्ट बघून मी थबकले. तिथली रिंग मला विहिरीएवढी दिसली. मी चेंडू टाकला, आत. पुन्हा टाकला, पुन्हा आत. प्रशिक्षक जवळ येऊन बघत राहिले. तुम्ही मात्र कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभ्या होतात. संध्याकाळी हळूच म्हणालात, "लोहाराले मापच चुकीचं सांगतलं वाटते मीनं. कोणाले सांगू नको बरं." आपली रिंग लहान होती, बाई. दोन वर्षं मी चेंडू जेमतेम घासून जाईल एवढ्याशा भोकात नेम धरत होते. उरलेले सात दिवस तुम्ही पदर खोचून त्या मोठ्या रिंगखाली उभ्या राहिलात आणि मी टाकलेला प्रत्येक चेंडू धावत जाऊन मला आणून दिलात.

पुढे मी सहा फूट नऊ इंचांवर थांबले. देशाकडून खेळले, दोन हंगाम थायलंडच्या एका संघात पगारावर खेळले. तिथे लोक खरंच तिकीट काढून बघायला यायचे. गुडघा दोनदा कापला, तिसऱ्यांदा डॉक्टर नको म्हणाले. आता मी मुलींना शिकवते. एवढ्या वर्षांत मोठमोठे प्रशिक्षक भेटले, पण ज्याला स्वतःला येत नाही ते दुसऱ्याला शिकवायची हिंमत करणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. तुम्हाला हे कसं जमलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात होतात तेव्हा मी आले होते. वॉर्डात गर्दी झाली, रुग्णांचे नातेवाईक माझे फोटो काढू लागले, आणि मी दहा मिनिटांत निघाले. परवा येते म्हणाले. त्या परवाच्या आधीच तुम्ही गेलात. गर्दीचा तुम्हाला त्रास नको म्हणून निघाले, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे.

ते खरं नाही. गर्दीची मला सवय होती. त्या पांढऱ्या चादरीखाली तुम्ही मला पहिल्यांदाच लहान दिसलात, आणि ते मला बघवलं नाही.