अकरा वर्षांनी उघडलेलं इंजिन

रवि., ४ जाने.
सोसायटीचं पत्र आलं. रीडेव्हलपमेंटसाठी ३१ ला बिल्डिंग रिकामी, पार्किंग त्याआधी. 'बंद वाहने तात्काळ हलवावीत' याच्याखाली सेक्रेटरीने लाल पेनाने रेघ मारलीय. बंद वाहन अख्ख्या सोसायटीत एकच. आमचं. अकरा वर्षं कव्हर घालून उभं आहे.
भंगारात द्यायची तर एका फोनचं काम. पण आई अडून बसली. अप्पांची गाडी ओढून नेलेली तिला बघायची नाही, गेली तर स्वतःच्या चाकांवर जाऊ दे. म्हणजे इंजिन उघडणं आलं.
मोहन मेस्त्रीला फोन केला. त्याचं भांडुपचं गॅरेज बंद झालं, गुडघे गेले, तरी येतो म्हणाला. आमच्या गावचा. अप्पांना फार मानायचा.

शनि., १०
मेस्त्री सकाळी आठला हजर. क्रँकला पाना लावून दोघांनी जोर लावला, ढिम्म हललं नाही. मग हेड खोललं. मी प्रत्येक बोल्ट पुसून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत होतो, डब्यावर चिठ्ठी, कुठला कुठून निघाला. मेस्त्री हसत होता. तो सगळं एका घमेल्यात टाकतो आणि तरी त्याचं कधी काही उरत नाही. माझं आहेच असं, सगळं नोंदवून. मेधा लग्नापासून म्हणते तू चहासुद्धा ऑडिटला जाणार असल्यासारखा करतोस.
हेड ठीक. सिलिंडरला थोडा गंज, पिस्टन बरे. बिघाड वर नाही, खाली आहे, असं मेस्त्रीचं मत. खालचा तेलाचा चेंबर उतरवायचा उद्या.

काय झालं होतं ते लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मीच त्यात बदल करेन. गणपतीला गावी निघालेलो. मी, मेधा, अप्पा बसने पुढे. धाकटा भाऊ सुनील आईला आणि सामान घेऊन गाडीने मागून. पेणच्या जवळ इंजिन जाम. गाडी टोचन करून परत आणली. अप्पांनी पट्टी काढून तेल बघितलंसुद्धा नाही. सुनीलला एवढंच म्हणाले, तेल बघायचं एकच काम होतं तुझं. तो म्हणत राहिला, बघितलं होतं. मी गप्प. तेव्हा मलाही वाटलं की नसेल बघितलं, तो तसाच आहे, घाईचा. महिन्याभरात तो बोरीवलीला भाड्याने राहायला गेला. अप्पा गेले तेव्हा तेरा दिवस आला, रोज संध्याकाळी परत. त्यानंतर दिवाळीला फोन.

रवि., ११
गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. चेंबरचा बोल्ट काढला आणि मेस्त्रीने खाली बादली धरली. काळं, घट्ट, पण धार थांबेचना. बादलीत बोट घालून तो माझ्याकडे बघायला लागला.
"तेल पुरेपूर हा रे. मगे जाम कित्याक झाला?"
सुनील खरं बोलत होता? की नंतर अप्पांनी ओतलं? पण बंद गाडीत कशाला ओततील.
मग चेंबर उतरवला. तेल खेचायच्या नळीला खाली जाळी असते. जाळी दिसतच नव्हती. त्यावर तांबडं काहीतरी बसलेलं, रबरासारखं, तुकडे तुकडे. मेस्त्रीने पेचकसाने खरवडून हातावर घेतलं. सीलंट.
"ह्या कोणी लावल्यान? तेल होता, पण वर जावक वाटच नाय."
मी म्हणालो, माहीत नाही.
म्हणालो खरं.

सोम., १२
ऑफिसात दिवसभर लक्ष नाही.
त्या वर्षी पार्किंगला नव्या लाद्या बसवल्या होत्या. आमच्या गाडीखाली तेलाचा डाग पडायचा, चेंबरच्या कडेतून गळती. सोसायटीची नोटीस. मला त्या डागाची भयंकर लाज वाटायची. गणपतीच्या आधीच्या रविवारी मी एकटा गाडीखाली शिरलो, चेंबर सोडवला, गॅस्केट बदलली, आणि परत गळायला नको म्हणून सीलंट लावला. ट्यूबवर लिहिलेलं पातळ थर. मी दोन ट्यूबा रिकाम्या केल्या. आतल्या बाजूनेसुद्धा. बोल्ट आवळताना जे आत दाबलं गेलं ते कुठे जाणार?
डाग मात्र पडला नाही पुन्हा. त्याचा मला किती अभिमान होता.
पण मेस्त्रीच्या गॅरेजमध्येही चेंबर एकदा निघाला होता, त्याच्या आधी दोनेक वर्षं. तेव्हा त्यानेही लावलं असेल? तांबडंच होतं का त्याचं? मला विचारायचं नाहीये त्याला. विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि मग फक्त मी उरतो.

बुध., १४
संक्रांत. सुनीलला फोन केला. नेहमीसारखं, मुलगा काय करतो, थंडी आहे का तुमच्याकडे. सांगणार होतो. जीभ वळली नाही. शेवटी म्हणालो, गाडी खोललीय, रविवारी येतोस का, आईच्या हातचा तिळगूळही घे. तो म्हणाला, कोणी खोलली? मी म्हणालो मेस्त्रीने. बघतो, म्हणाला.
मेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली तुला त्याची माफी मागायचीय की स्वतःचं ओझं उतरवायचंय? दोन्ही वेगळं कसं असतं ते कळलं नाही. भांडलो उगाच.

शनि., १७
मेस्त्रीने बेअरिंगच्या कॅप सोडवल्या. तिसरं बेअरिंग पूर्ण घासून क्रँकला चिकटलेलं, निळं पडलंय. क्रँक लेथवर नेली तर इंजिन वाचेल म्हणतो. पण ३१ च्या आत होईल का ते सांगत नाही.
जाताना त्याने सीलंटचे तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. त्याला कळलंय असं वाटतं. किंवा नसेल. मी सध्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघतोय, चोरासारखा.

रवि., १८
सुनील आला. साडेदहाला. केस पांढरे झालेत त्याचे, माझ्याहून जास्त. मेस्त्री आज नव्हता, मीच बोलावलं नव्हतं.
खाली नेलं. जाळी दाखवली, कागद उघडून तुकडे दाखवले. एका दमात सांगितलं. गळती, दोन ट्यूबा, आतून लावलेलं, तेल पूर्ण होतं, तू खरं बोलत होतास, मला अप्पांना सांगायला हवं होतं की मीच खोललेला चेंबर, पण तेव्हा सुचलंच नाही की माझ्यामुळे... अकरा वर्षं, सुनील, असं काहीतरी. 
तो उकिडवा बसून जाळीकडे बघत होता. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडावं असंच वाटत होतं.
"दादा, दिवा लागला होता."
कसला, मी विचारलं.
"तेलाचा, डॅशबोर्डवरचा. लाल. पनवेल सोडल्यावर लगेच. मी तेल बघितलेलं ना सकाळी, मग म्हटलं वायर सैल असेल. पेणपर्यंत तसाच चालवत राहिलो. थांबलो असतो तर काही झालं नसतं."
मग हळू म्हणाला, "आईने विचारलं पण होतं, हा दिवा कसला. मी म्हटलं काही नाही."
हे अकरा वर्षांत कोणीच विचारलं नाही त्याला. तेल बघितलंस का, एवढंच सगळ्यांनी विचारलं, आणि त्याचं उत्तर तो खरं देत होता. दिव्याचं त्याने स्वतःहून सांगितलं नाही. बोरीवलीला गेला तो आमच्यावरच्या रागाने, असं मी धरून चाललो होतो. आज म्हणाला, अप्पा समोर आले की तो दिवा दिसायचा रे.
माफी मी मागणार होतो आणि तोच मागून बसला. मी माफ केलं का? त्याने? खराट्याच्या काडीने दोघं जाळी साफ करत बसलो, ती नवीनच घ्यायचीय हे माहीत असून.
आईने वरून हाक मारली. हात धुऊन पानावर बसलो. वाढता वाढता तिने विचारलं, सापडलं का रे काय झालं होतं ते?
मी हो म्हणालो. तो नाही म्हणाला. एकदमच.
आई डाव तसाच हातात धरून आमच्याकडे बघत राहिली, आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे जास्त वेळ. तिला तो दिवा आठवत असेल का? आठवत असेल तर ती अप्पांना कधी का बोलली नाही?
मग तिने त्याच्या पानात भात वाढला आणि विचारलं, आज राहणार का. तो हो म्हणाला.