दुसरी रेघ

४ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. शोध: कागदाची पट्टी. रुग्णाच्या कफाचा थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे छाती साफ, दोन म्हणजे न्यूमोनियाचे जंतू. लॅबच्या रिपोर्टला दोन दिवस लागतात. १४ तारखेला वॉर्डच्या मुख्य डॉक्टरीणबाईंसमोर डेमो. पटली तर पट्टी प्रत्येक खाटेपाशी जाणार, नाही तर सहा वर्षांचं काम बंद.
संकल्प: लिफ्ट नाही, रोज जिना. चिडायचं नाही. खोकल्याकडे लक्ष द्यायचं नाही.

५ मार्च
जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर थांबून बराच वेळ पार्किंगचं निरीक्षण केलं. उद्यापासून लिफ्ट. वेळ वाचतो.
पट्टी उगाच बोंबलत नाही ना, हे बघायला एक निरोगी नमुना लागतो. टेक्निशियन बाई म्हणाल्या, माझा घ्या. म्हटलं, निरोगी नमुना माझाच. शिवाय सध्या कफ आयता मिळतोय.

६ मार्च, दुपारी
माझ्या नमुन्यावर दोन रेघा. बाईंनी कागद दमट जागी ठेवला असणार. तसं त्यांना सांगितलं. न चिडता, फक्त जरा मोठ्याने. त्यांनी स्वतःचा नमुना टाकला. एक रेघ. म्हणजे पट्टी माणूस बघून वागते.

८ मार्च
नवी बॅच. पुन्हा दोन. बाईंनी सुचवलं, सरांनी एकदा छातीचा एक्स-रे काढावा. हसू आलं. हसता हसता खोकला आला, तो चार मिनिटं. स्टॉपवॉच चालूच होतं.
घरी बायकोचं तेच. तिला सांगितलं, ॲलर्जी आहे. कशाची, म्हणाली. कामाच्या माणसाला इतकं खोलात विचारू नये.

१० मार्च
अंगात कणकण. उत्साहाची असावी, कारण दोष सापडला. पट्टी फारच हळवी आहे. दुसरी रेघ उमटवणारं रसायन निम्मं केलं. रेघ फिकट झाली, पण आलीच. पाव केलं. गेली! माझ्या नमुन्यावर एकच रेघ, स्वच्छ. बाईंना जुनी बॅच फेकायला सांगितलं. त्यांनी ती उचलून पिशवीत टाकली.

१३ मार्च
भाषणाची तालीम. प्रत्येक वाक्यानंतर दम घ्यावा लागतो. परिणाम भारदस्त होतो.

१४ मार्च, सकाळी ८
बायकोने बळेच थर्मामीटर लावला. एकशे दोन. हल्ली सगळीच उपकरणं हळवी निघतात. निघालो.

१५ मार्च. वॉर्ड, खाट क्रमांक ७
पडून लिहितोय.
काल डेमोला डॉक्टरीणबाईंनी न्यूमोनिया पक्का ठरलेले दोन रुग्ण निवडले. माझी सुधारित पट्टी: एक रेघ. दुसऱ्यावरही एकच. त्या घड्याळाकडे बघू लागल्या. मी कारणमीमांसा सुरू केली आणि मध्येच एका खाटेवर बसलो. खाटेवर आधीच एक आजोबा होते.
तेवढ्यात टेक्निशियन बाईंनी पिशवीतून जुनी बॅच काढली. तेच दोन रुग्ण, दोन-दोन रेघा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मग ही चांगली पट्टी बदलली कशाला?
बाई म्हणाल्या, "सरांवर दोन रेघा येत होत्या, म्हणून."
मग डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, स्टेथोस्कोप लावला आणि खोकून दाखवा म्हणाल्या. डेमोतला तेवढाच भाग मला जमला.

१७ मार्च
ताप उतरला. जुनी पट्टी मंजूर झाली. सोमवारपासून बाई नर्सना शिकवणार.
बायको दोन दिवस खुर्चीवरच आहे. एकदाही बोलली नाही की मी सांगत होते. मी घाबरलो होतो. खरं म्हणजे आठ तारखेपासूनच. हे तिलाही सांगितलं. म्हणाली, माहीत आहे.

१९ मार्च
बाईंनी अहवालाचा कच्चा खर्डा आणला. म्हटलं, त्यात माझं नाव दोनदा येईल. एकदा संशोधक म्हणून, एकदा ज्याच्यावर पट्टी खरी ठरली तो म्हणून. त्या म्हणाल्या, रुग्णांची नावं छापत नाहीत. ती ओळ दाखवली:
"रुग्ण क्र. ३. पुरुष, वय ५१. दहा दिवस खोकला, नंतर ताप. वारंवार विचारूनही तक्रार नसल्याचे सांगितले."
लाल पेन घेऊन तीनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.