काचेवरचा पाचवा तुकडा

सोमवार, ४ मार्च

आज एकाच ट्रेमध्ये आपली दोन माणसं. बाटल्यांमध्ये!

एक काका – आमच्या लॅबचे शिपाई. दुसरी माझी ताई. दोघांच्याही पोटात दुर्बीण घालून जठराचे मोहरीएवढे तुकडे काढलेत. काकांना कित्येक महिने जळजळ. ताईचं वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरलं, आणि ही बया म्हणते, "बरं झालं, जुने कपडे बसायला लागले."

काका स्वतःची बाटली स्वतःच घेऊन आले. "घ्या बाई. आज हमालही मीच आणि मालही मीच." मला हसू आलं नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी तुकडे मोजले, मी कागदावर लिहिले, मशीनमध्ये टाकले. उद्या सकाळपर्यंत मेणात बसतील.

मंगळवार, ५ मार्च

बावीस वर्षं एकच काम. मेणाचा ठोकळा यंत्रावर लावायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर पसरायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा. पुढे काय ते मॅडम बघतात. झोपेतही करीन.

एक नियम आहे. दोन जठरं लागोपाठ कापायची नाहीत. मध्ये कातडी घ्या, गर्भाशय घ्या, काहीही वेगळं घ्या. एखादा कण पाण्यावर राहून पुढच्या काचेवर चढलाच, तर परका म्हणून लगेच ओळखू येतो. नव्या पोरींना हे मीच घोकून घेते. आज मीच मोडला. रांग मोडून आपले दोन्ही ठोकळे पुढे घेतले – आधी काका, मग ताई. बाकीचे सतरा थांबतील. त्यांच्या नात्यातलं कुणी इथे नोकरीला नाही, हा त्यांचा दोष!

काकांचा काप उचलला आणि ताईचा फोन. "माझं झालं का गं?"

"तुझंच घेतेय."

"नीट काप हो."

जसा काही ब्लाउज शिवायला टाकलाय.

बुधवार, ६ मार्च

काकांचं स्वच्छ. नुसती सूज! मॅडमनी सही केली तेव्हा काका दारातच उभे होते. घरी फोन लावला. "ही म्हणते, मग इतके दिवस कण्हत कशाला होतात?" दिवसभर सगळ्यांना तेच सांगत फिरले.

ताईची काच मॅडमनी बाजूला ठेवलीय. "उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघते," म्हणाल्या. मला त्यांचं हे वाक्य माहीत आहे. चांगल्या काचेला ताजे डोळे लागत नाहीत.

गुरुवार, ७ मार्च

कॅन्सर.

शुक्रवार, ८ मार्च

ताईला मीच सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत होती. ऐकलं, आणि हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग पुढचं घेतलं. मी रडले, ती नाही. "तू कापलंस ना स्वतः? मग बरोबरच असणार," म्हणाली. वर माझीच समजूत!

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ही सतरा. माझ्या वेण्या घालून मग कॉलेजला पळायची. तिच्याशिवाय मला कोण आहे?

सोमवार, ११ मार्च

सर्जनकडे गेलो. जठराचा बराच भाग काढावा लागेल, कदाचित सगळंच. तारीख वीस. ताईने विचारलं, "मग जेवायचं कुठे?" सर्जनला कळलंच नाही ती थट्टा करतेय.

बुधवार, १३ मार्च

ताईने कपाट आवरायला काढलंय. कुठली साडी कुणाला, चिठ्ठ्या लावतेय. मी भांडले. उपयोग नाही.

गुरुवार, १४ मार्च

मॅडम जेवायला गेल्या होत्या. ताईची काच काढून त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली. का लावली? शत्रूचं तोंड बघायचं होतं म्हणून.

काचेवर पाच तुकडे. चार शेजारीशेजारी, पाचवा लांब, कडेला, एकटा. चारांमध्ये मला काही वाईट दिसलं नाही. मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षांत डोळ्यांना थोडं कळायला लागतं. सगळी घाण त्या पाचव्यात.

धावत जाऊन कागद काढला. तुकडे – चार. अक्षर माझंच.

मग सगळं आठवलं. प्रत्येक ठोकळ्यानंतर पाण्यावरून टिपकागद फिरवायचा, राहिलेले कण उचलून टाकायचे. फोन वाजला तेव्हा टिपकागद हातात होता. तो खाली ठेवला. फोन झाल्यावर सरळ ताईचा ठोकळा लावला. पाणी टिपलंच नाही!

लाज वाटली की आनंद झाला, देव जाणे. असं असेल तर ते ताईचं नाही. कुणाचं का असेना, ताईचं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मॅडमना सगळं सांगितलं. रांग मोडली तेही, पाणी टिपलं नाही तेही. वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "मोजून बघायचं मलाही सुचलं नाही. ठोकळा आणा. तळापर्यंत कापा. मी समोर बसते."

कापलं. प्रत्येक कापानंतर पाणी टिपलं. पहिले दोन काप वाया गेले.

शनिवार, १६ मार्च

ताईचं नाही!! तळापर्यंत चारच तुकडे, चारही स्वच्छ. जुना व्रण आहे, गोळ्यांनी बरा होईल. ऑपरेशन रद्द.

ताईला फोनवर सांगितलं. "म्हणजे मी आठ दिवस उगाचच मेले?" मग रडली. आठ दिवसांचं एकदम. मग शिव्या दिल्या, आणि मी प्रत्येक शिवी आनंदाने खाल्ली. साड्यांवरच्या चिठ्ठ्या काढ म्हटलं, तर म्हणते, "निळी तुलाच लावली होती, आता विसर."

काकांनी बातमी ऐकून दोन्ही हात जोडले. "बघा बाई, माझंही चांगलं, ताईंचंही चांगलं. लॅबला दिवस बरे आलेत."

मी मॅडमची माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "आज आनंद करून घ्या. सोमवारी बोलू." काय बोलायचंय ते मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचू दिलं नव्हतं.

सोमवार, १८ मार्च

मॅडमनी विचारलं, "ताईंच्या आधी कोणता ठोकळा कापला होता?" मी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ठोकळे काढून आणायचं काम काकांचं. नंबर चष्म्याजवळ धरून कपाटं धुंडाळली. हयातभर त्यांनी नंबरच उचललेत, नावं कधी विचारली नाहीत. ठोकळा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "कुणाचा का असेना बाई, तुमच्या ताईसारखं याचंही चांगलं निघू दे."

कागदावर तुकडे पाच. काचेवर चार.