पळत्या सशावरचा नेम

पोरिरुआच्या मागची टेकडी, वेलिंग्टनजवळ,
रविवार, ७ मे २०१७

प्रिय आरू,

जय भीम आणि अनेक आशीर्वाद. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, ओळीही सुट्या ठेवल्यात, म्हणजे ‘आई, युअर हँडरायटिंग!’ म्हणायला जागा नको. नऊ वर्षांची होतीस तू इथे आलीस तेव्हा. ओट्याशेजारी बसवून मी तुझ्याकडून बाराखडी घटवून घेतली होती, ती आज उपयोगी पडू दे. कुठे अडलीस तर मोठ्याने वाच.

फोन तू उचलत नाहीस. ‘बिझी, टॉक लेटर’ असा मेसेज येतो आणि मग तो ‘नंतर’ काही उगवत नाही. अडीच वर्षं झाली याला. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं हे मला कळतं, पण तू फाडणारी नाहीस, न वाचता कपाटात ठेवून देणारी आहेस, बाबांसारखी. हे ठेवून देऊ नकोस. मला दोन गोष्टी सांगायच्यात आणि दोन्ही सांगायची मला भीती वाटते. म्हणून आधी इकडची खबर देते, तेवढाच धीर येईल.

बाबांनी कुंपणालगत लावलेली फिजोआची फळझाडं आठवतात? वीस होती. आता अकरा आहेत. नऊ सशांनी खाल्ली. बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी खोडांची साल गोल कुरतडून टाकली, झाडं उभ्याउभ्या वाळली. आपल्याकडे ससा म्हटलं की गोजिरवाणं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथले ससे दांडगे गं, मांजराएवढे, आणि निर्लज्ज. मी जाळी लावली, सालीला काय काय फासलं, भांडी वाजवली. ते दोन उड्या मागे जायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे.

तर तुझी आई बंदूक चालवायला शिकली. हस, हस. विश्रांतवाडीची सुजाता, जिने आयुष्यात झुरळ मारायचं तरी नवऱ्याला हाक मारली, ती चोपन्नाव्या वर्षी बंदुकीच्या लायसन्सच्या परीक्षेला बसली. पोलीस घरी आला, तासभर प्रश्न विचारले. ‘बंदूक कशाला हवी?’ म्हणाला. मी त्याला खिडकीशी नेऊन झाडं दाखवली. त्याने चहा घेतला, एक चकली खाल्ली, दुसरी खिशात टाकली आणि सही केली.

शिकवलं हेमीने. खालच्या फार्मवरचा म्हातारा, बाबांच्या मयताला दिवसभर टोपी हातात धरून मागे उभा होता तो. आधी त्याने मला मातीच्या तबकड्या उडवून दिल्या, त्यावर छर्रे मारायचे. मी पहिल्या आठवड्यात एकही फोडली नाही. आपल्याला वाटतं, वस्तू दिसते तिथे नेम धरायचा. पण छर्रे तिथे पोचेपर्यंत ती तिथे नसतेच. हेमी म्हणाला, “सू, बंदूक मागून आण, त्याच्या अंगावरून पुढे काढ, पुढे गेली की चाप ओढ. आणि ओढल्यावरही हात चालू ठेव.” हे शेवटचंच अवघड. चाप ओढताना माणसाला वाटतं बघावं, लागलं का. तेवढ्यात हात थांबतो आणि सगळे छर्रे सशाच्या मागे मातीत जातात. “यू स्टॉप्ड द गन, सू.” हे वाक्य मी किमान पाचशे वेळा ऐकलं असेल.

पहिला ससा पडला तेव्हा मी बंदूक रिकामी करून तिथेच गवतात बसले आणि रडले. हेमीने ससा उचलला, म्हणाला, “त्याला कळलंसुद्धा नाही. चांगला नेम होता.” घरी येऊन आंघोळ केली. संध्याकाळी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर पंचशील म्हणायला बसले तर ‘जीव घेणार नाही’ हे पहिलं शीलच तोंडातून निघेना. अजूनही अडखळते मी तिथे, पण म्हणते. झाडं वाचवायची म्हणजे काहीतरी पाप पदरात घ्यावं लागतं अशी मी स्वतःची समजूत घातलीय. मी खात मात्र नाही हं. ससे हेमी घेऊन जातो, त्याच्या घरी रस्सा होतो.

खरं सांगू का, झाडं हे निमित्त होतं. संध्याकाळी पाच ते सात हे घर मला खायला उठतं. बाबांच्या गाडीचा आवाज चढावरून यायचा ती वेळ. रविवारी डब्याला भाजी कुठली म्हणून कोणी विचारत नाही. हेमी सोडला तर आठवडाभर माणूस दिसत नाही आणि मराठी तर दहा-दहा दिवस तोंडातून निघत नाही. मग मी सशांशी बोलते. ‘थांब मेल्या, दाखवते तुला,’ असं बंदूक खांद्याला लावून ओरडते. टेकडीवर दुसरं कोण ऐकणारे?

आणि बंदूक आता चांगली जमायला लागली होती. मागच्या वर्षी डावीकडून उजवीकडे पळणारा ससा मी चाळीस पावलांवर पाडला तेव्हा हेमी ‘स्वीट अ‍ॅज!’ म्हणून नाचला होता. तुला फोन करावासा वाटला. केलाही. तू बिझी होतीस.

तर आता पहिली गोष्ट.

या फेब्रुवारीपासून माझे नेम चुकायला लागले. समोरचा पडायचा, पण बाजूने निघालेला कायम सुटायचा. मला वाटलं, वय झालं. एकदा माझ्या अगदी उजव्या पायाजवळच्या गवतातून ससा निघाला, पळत उतरून गेला, आणि मी समोर बघत उभी. हेमीने विचारलं, “का नाही मारलास?” मी म्हटलं, कुठला? मग त्याने मला झाडासारखं उभं केलं, समोर बघ म्हणाला, आणि टोपी हातात घेऊन माझ्या बाजूने हळूहळू पुढे यायला लागला. टोपी दिसली की सांग म्हणाला. दिसली तेव्हा तो जवळजवळ माझ्या नाकासमोर आला होता. दुसऱ्या बाजूनेही तेच. त्याचा चेहरा मी पाहिला. मग आठवलं, महिनाभरात गाडीचे दोन्ही आरसे मी फाटकाला घासलेत.

पोरिरुआला डोळे तपासले, मग वेलिंग्टनला डोक्याचा स्कॅन झाला. नाकाच्या मागे, मेंदूच्या बुडाशी, डोळ्यांच्या नसांवर एक गाठ बसलीय. बहुतेक साधी आहे, कॅन्सर नसावा असं डॉक्टर म्हणतात. तू फार्मसीवाली, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. गुरुवारी, २५ मेला ऑपरेशन आहे, नाकातून करतात. गेलेलं बाजूचं दिसणं परत येईल का, सांगता येत नाही. बाकीचे धोके त्यांनी कागदावर लिहून दिलेत, त्याची कॉपी सोबत जोडलीय. पूर्ण कागद आहे, एकही पान काढलेलं नाही. बंदूक हेमीच्या कपाटात ठेवून आले.

बघ, आधी सांगितलं. अठरा दिवस आधी.

तू बाबांच्या वेळी म्हणाली होतीस, “यू डिसायडेड फॉर मी. बोथ ऑफ यू.” तू बरोबर होतीस. पण आम्ही दुसरं काही शिकलोच नव्हतो गं. आपल्या घरात परीक्षेपुढे काही नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा बाबांचा डिप्लोमाचा पेपर होता. मोठ्या काकांनी पेपर सुटेपर्यंत बातमी दाबून ठेवली, बाबा परीक्षेच्या हॉलमधून थेट मयताला पोचले. ही गोष्ट बाबा अभिमानाने सांगायचे, ‘आणि पहिल्या वर्गात आलो’ म्हणून संपवायचे. तुझ्या परीक्षेतल्या त्या सोमवारी त्यांच्या छातीत दुखलं आणि अ‍ॅडमिट केलं, तेव्हा मी फोन हातात घेतला होता. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, “गुरुवारी तिचा शेवटचा पेपर आहे. दुपारी मीच बोलतो तिच्याशी.” डॉक्टरही म्हणत होते, तब्येत स्थिर आहे. आम्ही दोघं तुझ्या पेपरवर नेम धरून बसलो आणि बाबांचे दिवस बाजूने पळत होते ते आम्हाला दिसलेच नाहीत.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. ही दुसरी गोष्ट.

मी तुला गुरुवारी दुपारी साडेबाराला फोन केला आणि ‘आत्ताच गेले’ म्हटलं. बाबा दुपारी गेले नाहीत, आरू. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेले. मी सहा तास वीस मिनिटं तुला सांगितलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, बाबांचे कपडे आणि चष्मा एका पिशवीत घालून दिला होता, ती मांडीवर होती. पिशवीत त्यांचा फोन थरथरला. ‘गोइंग इन, बाबा. विश मी लक.’ उत्तर गेलं नसतं तर तू फोन केला असतास. मला एवढंच सुचलं. मी त्यांच्या फोनवर टाइप केलं, ‘जिंकून ये, वाघा.’ आणि पाठवलं.

ते मी लिहिलं होतं. बाबांना तेव्हा जाऊन तीन तास झाले होते.

मागच्या वर्षी फेसबुकवर तुझं मनगट पाहिलं. त्यावर तेच तीन शब्द गोंदलेले पाहिले. खाली तू लिहिलं होतंस, ‘लास्ट वर्ड्स फ्रॉम माय डॅड.’ त्या दिवसापासून चौथं शील म्हणताना, खोटं बोलणार नाही म्हणताना, माझी जीभ जड होते. सशाचं पाप मी वाहून नेलं असतं. हे नेता येत नाही. सांगावं तर तुझ्या मनगटावरून बाबा पुसले जातात आणि न सांगावं तर तू रोज माझं खोटं हातावर घेऊन औषधं देतेस. दर वेळी फोन लावते, हात थांबतो. आता ऑपरेशनमध्ये काही झालं तर हे माझ्याबरोबर जाईल, आणि मग तू कधीतरी हॉस्पिटलचा कागद काढशील, त्यावर सहा-दहा वाचशील आणि विचारायला कोणी नसेल. तुला राग यायचा तर मी जिवंत असताना येऊ दे.

एक गोष्ट मात्र खरी आहे, ती सांगायचा हक्क मला आहे. बुधवारी संध्याकाळी बाबा उशीला टेकून बसले होते, मी सूप भरवत होते. ते म्हणाले, “उद्या एव्हाना सुटली असेल. माझा वाघ जिंकूनच येतो.” मी त्यांचेच शब्द उचलले, स्वतःच्या मनाचं एक अक्षर घातलं नाही. शब्द त्यांचे आहेत, आरू. आदल्या संध्याकाळचे. बोटं माझी होती. मनगटाकडे बघून आता तुला काय वाटायचं ते वाटू दे, मी काही सुचवत नाही.

२५ तारखेला तू आलंच पाहिजेस असं नाही. हेमी मला हॉस्पिटलला सोडणार आहे, त्याची सून दोन दिवस राहायला येतेय. तुझी अल्बनीची नोकरी आहे, तिथून इथवर विमान, सगळीच धावपळ. माझं भागेल.

खोटं लिहिलं मी हे. माझं भागत नाही. तुझ्या खोलीतली गादी दर रविवारी उन्हात घालते मी, कोणासाठी घालते? मला शुद्ध आली की तू समोर बसलेली हवीस. बाजूला बसू नकोस, बाजूचं मला दिसत नाही. रागावलेली ये, बोलू नकोस, पण समोर बस. ये गं.

या वेळी स्वतःच्याच नावाने लिहिणारी,
तुझी आई
सुजाता