अंबडचा वीस टनी चिलर

३ मार्च
आले एकदाची नाशिकला! कळवणच्या स्टँडवर आईने डोळे पुसले, मी मात्र सप्तशृंगीच्या पायथ्यापासून गाणी गुणगुणत आले. अंबडमध्ये द्राक्षांचे, टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि पहिलंच काम मनासारखं: नवीन चिलर निवडायचा. खोली मिळाली ती लंकाबाईंकडे, कंपनीपासून चालत जाण्याइतकी जवळ. बाई बोलघेवड्या आहेत, चहात साखर सढळ हाताने घालतात. त्यांचे यजमान गोटीराम पूर्वी आमच्याच कंपनीत होते. रणरणत्या उन्हात ओट्यावर स्वेटर घालून बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी नुसतं पाहिलं.

६ मार्च
वितळलेलं प्लास्टिक साच्यात जातं, साच्याभोवती गार पाणी फिरतं, क्रेट घट्ट होऊन बाहेर पडतो. ते पाणी गार ठेवतो तो चिलर. पाण्यातली उष्णता ओढायची आणि पंख्याने बाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. आमचा चिलर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. जुना, कुठूनतरी सेकंडहँड उचललेला, वीस टनांचा. हा टन वजनाचा नव्हे, उष्णता ओढण्याच्या ताकदीचा. किती प्लास्टिक वितळतं, पाणी किती वेगाने फिरतं, गार जातं ते किती तापून परत येतं, सगळं मोजलं. भार निघाला तीस टनांचा. म्हणजे पाणी तापायला हवं, क्रेट वाकडे निघायला हवेत. एकही वाकडा नाही! गणित पुन्हा केलं, बरोबरच आलं. मग हे डबडं चालतंय कसं? माझी चिडचिड झाली. बरोबर आलेल्या गणिताला कोणी खोटं पाडलं की माझं असंच होतं.

१२ मार्च
इथली एक पद्धत समजली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जो कामगार भांडेल, त्याला मशीनवरून काढून चिलरच्या शेडमध्ये बसवतात. सध्या तिथे नवनाथ आहे, पेठकडचा. कॅंटीनच्या आंबलेल्या डाळीवरून त्याने सुपरवायझरला सर्वांदेखत झाडलं, म्हणून ही शिक्षा. मला म्हणाला, "मॅडम, नासकी डाळ गप गिळायला मी काय मुका हाय का?" मला तो फार आवडला. या कंपनीत आमच्या दोघांचंच डोकं लवकर फिरतं बहुतेक.

१८ मार्च
ऊन वाढलंय. उष्णता हवेत फेकणारा चिलर अशा दिवसांत धापा टाकतो, म्हणून तर घेताना नाशिकच्या एप्रिलचा विचार करून एक माप मोठा घ्यायचा. बोअरच्या पाण्यात क्षार, त्यामुळे उष्णता पाण्यात सोडणारा प्रकार इथे नकोच. एवढं सगळं टिपून शेखरसाहेबांना, म्हणजे मालकांना, दिलं.
पण हा म्हातारा चिलर उन्हात जास्तच जोरात चाललाय. पंख्यासमोर हात धरला. तिथून गरम झोत यायला हवा, येतोय गारेगार वारा. पाण्यातून काढलेली उष्णता जाते कुठे? नवनाथच्या हातून पाना घेतला तेव्हा त्याची बोटं माठासारखी गार लागली. जरा थंडी वाजते, म्हणाला आणि हसला. बाहेर लोक रुमाल भिजवून डोक्याला बांधतायत.

२५ मार्च
नवनाथ बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्याच्या जागी एक गरीब स्वभावाचा माणूस बसवला. दुपारपर्यंत पाणी तापलं, क्रेट केळ्यासारखे वाकडे पडायला लागले. शेखरसाहेबांनी नवनाथला मांडवातून बोलावून घेतलं. लाज कशी वाटत नाही या माणसाला! नवनाथ आला तो शिव्या घालतच. तो शेडमध्ये उभा राहून ओरडत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर पाण्याच्या तापमानाचा काटा खाली येत होता. पाइपावर बर्फाची साय धरली. मग शिवी अर्ध्यावर टाकून तो गप्प खाली बसला.

२६ मार्च
गोटीरामांबद्दल लंकाबाईंना विचारलं. त्या रडायलाच लागल्या. "लय भांडकुदळ होता ओ माझा माणूस. त्या चिलरवर बसवला अन् असा झाला. आता भाजीत मीठ नसलं तरी गप खातो. मी मुद्दाम भांडण उकरून काढते, तरी नाय."
म्हणजे ते यंत्र माणसाची ऊब खातं. तापट माणसाची जास्त. वीस टन त्याचे स्वतःचे, वरचे दहा नवनाथचे. नवनाथला तिथून काढायचंच. गोटीरामांचं झालं ते त्याचं होऊ देणार नाही.

२८ मार्च
साहेबांसमोर योग्य चिलरचं कोटेशन आपटलं. ते म्हणाले की आहे तो चाललाय की. मी गोटीरामांचं नाव घेतलं. त्यांना सगळं ठाऊक आहे! थंडपणे सांगितलं, मवाळ माणूस तिथे उपयोगाचा नाही, काय करणार. मी आयुष्यात कोणावर ओरडले नसेन इतकी ओरडले. नीच, नालायक, सगळं म्हणाले. ते खुर्चीत रेलून ऐकत होते, पसंतीची वस्तू पाहावी तसे. मग एकदम तयार झाले. ऑर्डर आजच देतो, नवनाथला आजच मशीनवर पाठवतो. नवीन चिलर येईपर्यंत शेड तुम्ही सांभाळा.
हो म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले, पण नवनाथ सुटला.

२ एप्रिल
शेडमध्येच टेबल टाकलंय. पाणी एकदम गार. स्वेटर आणला. साहेबांचा चेहरा आठवला की अजून संताप होतो, आणि तेवढ्यात पाइप पांढरा पडतो. मुद्दाम आठवायचं नाही असं ठरवलंय. जमत नाही —

७ एप्रिल
दोन नवीन मशीन जोडली. भार वाढला. मला विचारलंही नाही. भांडायला उठले होते. दारापर्यंत गेले आणि — कशासाठी ते —

११ एप्रिल
आईचा फोन. किती शांत झालीस गं, म्हणाली. तिला बरं वाटलं.
लंकाबाई ताटात वाढताना माझ्याकडे बघत राहिल्या. खोली सोड, कळवणला जा, म्हणाल्या. जाईन. उद्या —

१५ एप्रिल
ऑर्डर दिलीच नव्हती. साहेबांनी स्वतः सांगितलं, हसत. राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही. पाणी तापतंय आता. क्रेट वाकडे.

१६ एप्रिल
नवनाथ आलाय. ऑर्डरचं त्याला कळलं. माझा हात धरून पाहिला आणि भडकला. समोर उभा राहून ओरडतोय, साहेबांच्या नावाने, माझ्यासाठी. मॅडमला फसवलं म्हणतोय. काटा खाली येतोय. पाइपावर पांढरं —
त्याला जा म्हणायला हवं. एवढा एकच शब्द. तोंड उघडलं होतं. म्हणते. जरा ऊब येतेय त्याच्या बाजूने, जरा बसू दे, मग —