वाऱ्याच्या बाजूला

२ जुलै, वोनोसोबो
संकल्प: या मोसमात नवी मॅक्रो लेन्स घेणे. गेली दोन-तीन वर्षं माझा एकही क्लोज-अप धड आलेला नाही. आत बुरशी धरली असणार, इथली हवाच तशी. लँडस्केपची वाइड लेन्सही हल्ली संशयास्पद वाटते.

दुपारी लारासचा फोन. पुढच्या महिन्यात वार्नीला जाऊन हजार दिवस होतात, त्या दिवशीची प्रार्थना आहे. पाहुण्यांना वाटायच्या प्रार्थना-पुस्तिकेवर आईचा फोटो हवा. साधाच द्या बाबा, पण चेहरा दिसू दे, म्हणाली. चाळीस हजार फोटो काढलेल्या बापाला मुलगी हे सांगते! चहा होईपर्यंत पाठवतो म्हटलं.

५ जुलै
चहा कधीच झाला. फोटो सापडायचाय.

वार्नी सगळीकडे आहे, म्हणजे जवळजवळ. ऑर्किडच्या मागे जांभळा डाग: तिचा स्वेटर. कोळ्याच्या जाळ्याआड छत्रीची कड. तलावाच्या फोटोत कोपऱ्यात तिची चप्पल आणि थर्मास. चप्पल मात्र शार्प. एका फोटोला क्लबात बक्षीस होतं, पार्श्वभूमी काय मऊ आलीय म्हणून. ती मऊ पार्श्वभूमी वार्नीच होती.

उद्या नीट शोधतो. आज लेन्सचे रिव्ह्यू वाचायचे आहेत.

८ जुलै, पहाटे, डिएंग
दुकानदार आलियोंगकडून नवी लेन्स ट्रायलला आणली. बटाट्याच्या पानांवर दव गोठलेलं. समोर सिंदोरो पर्वत, कोरून काढल्यासारखा. ट्रायपॉड, एफ-अकरा, श्वाससुद्धा रोखला.

सगळ्या फ्रेम हललेल्या. वारा.

सवयीने म्हणालो, जरा डावीकडे सरक. शेतातल्या बाईने इकडेतिकडे पाहिलं. डावीकडे कुणीच नव्हतं. मी लेन्सशी बोलतोय, असा खुलासा केला. त्याने ती जास्तच घाबरली आणि टोपली तिथेच टाकून घरी गेली.

११ जुलै
आलियोंगने जुनी लेन्स लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. बारीक अक्षरसुद्धा वाचता येत होतं. बुरशी नाही, काही नाही. म्हणाला, पाक हारजितो, पूर्वी तुमच्याबरोबर ताई यायच्या, वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभ्या राहायच्या. हल्ली छत्री कोण धरतं?

मी म्हटलं, प्रश्न ऑप्टिक्सचा आहे. दुकान मोठं आहे त्याचं, अभ्यास कमी.

नवी लेन्स घेतली. सोबत छत्री धरायचा क्लॅम्पही घेतला, केवळ प्रयोग म्हणून.

१३ जुलै
छत्री उलटी होऊन खालच्या कोबीत गेली. वारा कुठून येणार हे क्लॅम्पला आधी कळत नाही. वार्नीला कळायचं. कसं, ते कधी विचारलं नाही.

१९ जुलै
छापखाना खोळंबलाय. लारास चिडली. ओळखपत्रावरचाच फोटो लावते म्हणाली. त्यात वार्नी पाकीटमार दिसते. मी जिवंत असेपर्यंत तो लागणार नाही, असं ठणकावून सांगितलं. लारास म्हणाली, मग तुम्ही काढलेला द्या ना.

उपाय सापडला. हरवलेला फोकस परत आणणारं नवं सॉफ्टवेअर आलंय. ऑर्किडमागच्या डागावर चालवलं. डागाला चेहरा फुटला. नाक, ओठ, डोळे, एकेक पापणी. भलतीच कुणी बाई वार्नीचा स्वेटर घालून माझ्याकडे बघत होती.

लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. ती होतीच.

भीती वाटली. त्याहून वाईट म्हणजे, हे डोळे तिचे नाहीत एवढं ठामपणे कळलं, पण तिचे कसे होते ते आठवेना. घरभर दिवे लावले. स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने तिलाच विचारलं. नळ तेवढा गळत होता.

२३ जुलै
शेजारच्या बू तुमिराह सोयाबीनचं गरम तेम्पे तळून घेऊन आल्या. लारासने सांगितलेलं दिसतं. तडा गेलेला मोबाइल माझ्या नाकाशी धरला.

तलावाची सहल. वार्नी, खांद्यावर छत्री, तोंडात घास, हसतेय. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतो. डोळे फिकट तपकिरी.

कुठली लेन्स, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, कसली डोंबलाची लेन्स! हाक मारली, तिने वळून बघितलं, काढला. मागे तुम्हीही आहात बघा, मुंगीच्या मिशा मोजताय.

रडलो. बऱ्यापैकी. बू तुमिराहनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. तेम्पे गार झालं.

२६ जुलै
फोटो घेऊन स्वतः छापखान्यात गेलो. रंग, कागद, धार, सगळं समोर बसून बघणार होतो. या बाबतीत दुसऱ्यावर विसंबून चालत नाही.

छापखानेवाल्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला. म्हणाला, झकास आहे, हात लावायची गरज नाही. फक्त बाईंच्या मागे ते बटाट्याचं पोतं आलंय धुरकट. काढून टाकू?

बघितलं. माझं तपकिरी जाकीट. पाठमोरा, ओणवा.

काढा म्हटलं. नाहीतरी फोकसमध्ये नाही.